हिवाळ्यात घरातील हवा व ठेकेदारांचे कर्तव्य : धार व देवास येथील घरांच्या संदर्भात

माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून साधारणतः ५०० ते ६०० मीटर उंचीवर असून धार व देवास ही दोन्ही नगरे याच पठारावर, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस वसलेली आहेत. अठराव्या शतकात पवार घराण्याच्या शाखा येथे स्थिरावल्या आणि त्यांच्यासमवेत कारभारी, कारकून, पुरोहित, शिलेदार अशी अनेक मराठी कुटुंबे येऊन राहिली. धार संस्थान, तसेच देवासची थोरली व धाकटी पाती ही संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली व १ नोव्हेंबर १९५६ पासून हा प्रदेश मध्य प्रदेश राज्याचा भाग बनला. संस्थाने गेली, तथापि मराठी कुटुंबे व त्यांच्या घरांची ओसरी, चौक, माजघर, स्वयंपाकघर व न्हाणीघर ही रचना येथे अद्याप काही प्रमाणात टिकून आहे. ज्या घरांची पुनर्बांधणी झाली आहे, त्यांतही राहणीच्या जुन्या सवयी पुष्कळशा कायम आहेत.

माळव्याची कोरडी हवा आरोग्यास हितकर मानली जाते. क्षयरोगाने ग्रासलेले ख्यातनाम गायक कुमार गंधर्व हे १९४८ मध्ये देवास येथे राहावयास आले, ते येथील कोरडी हवा फुप्फुसांना मानवेल या सल्ल्यावरूनच. औषधोपचार व दीर्घ विश्रांती यांच्या बळावर ते बरे झाले, पुन्हा गाऊ लागले व १९९२ मध्ये निधन होईपर्यंत देवास येथेच राहिले. पुढे याच देवासचा समावेश, हवेची गुणवत्ता विहित मानकांनुसार नसलेल्या शहरांमध्ये करण्यात आला व केंद्र शासनाने जानेवारी २०१९ मध्ये आरंभिलेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात ते समाविष्ट झाले. कारखाने, वाहने व रस्त्यांवरील धूळ यांचा विचार या कार्यक्रमात होतो. परंतु हिवाळ्याच्या रात्री मनुष्य जी हवा सलग आठ-दहा तास श्वासावाटे घेतो, ती रस्त्यावरची नसून बंद खोलीतील असते. त्या हवेची जबाबदारी बव्हंशी घर बांधणाऱ्यावर व घर वापरणाऱ्यावर असते. यांपैकी घर बांधणाऱ्याने, म्हणजे ठेकेदार, गवंडी व सुतार यांनी, काय करावे याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती इंधनाच्या धुरामुळे २०२० या वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले व त्यांपैकी २ लाख ३७ हजारांहून अधिक पाच वर्षांखालील बालके होती. लहान मुलांचा न्युमोनिया, प्रौढांचा दमा व श्वासनलिकांचा जुनाट दाह, हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसाचा कर्करोग हे विकार या धुराशी निगडित आहेत. धुरातील सर्वांत अपायकारक घटक म्हणजे २.५ मायक्रॉनहून लहान असे सूक्ष्म कण होत. मनुष्याच्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे हे कण फुप्फुसांच्या अगदी खोलवर पोहोचतात. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकांनुसार अशा कणांचे चोवीस तासांचे सरासरी प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ मायक्रोग्रॅम सुचविली आहे. चुलीसमोर बसून स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या व तिच्या कडेवरील मुलाच्या श्वासात जाणारे प्रमाण या मर्यादांच्या कित्येक पटींनी अधिक असते.

दुसरा धोका तात्काळ प्राण घेणारा आहे. इंधनास पुरेसा प्राणवायू मिळाला नाही, की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने या वायूशी संयोग पावते. परिणामी शरीराच्या पेशींना प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखणे, चक्कर येणे, मळमळणे व गुंगी येणे ही त्याची लक्षणे होत. झोपेत असलेल्या मनुष्यास ही लक्षणे जाणवतही नाहीत. उत्तर व मध्य भारतात दर हिवाळ्यात शेगडी अथवा गॅस गिझर यांमुळे संपूर्ण कुटुंबे मृत्युमुखी पडल्याच्या वार्ता येतात, त्या बहुधा या वायूच्याच असतात.

हिवाळ्यात हवा का कोंडते ?

जानेवारी महिन्यात माळव्यात दिवसाचे तापमान सुमारे २६ अंश सेल्सिअस, तर रात्रीचे किमान तापमान सरासरी १० अंशांच्या आसपास असते. उत्तरेकडून थंडीची लाट आली म्हणजे ते ५ अंशांपर्यंत वा त्याहूनही खाली उतरते. दिवसा ऊबदार व रात्री गारठा अशा हवामानामुळे सूर्यास्तानंतर दारे-खिडक्या लावून घेणे, फटींत चिंध्या बसविणे, झरोक्यांना पुठ्ठे ठोकणे हे उपाय घरोघरी केले जातात. याच सुमारास घराबाहेर जमिनीलगतची हवा थंड व जड होऊन वरच्या तुलनेने उष्ण थराखाली अडकते. त्यामुळे पहाटेच्या वेळी वस्तीतील सर्व चुलींचा धूर घरांच्या उंचीवरच रेंगाळतो. सूर्य वर आल्यावर, साधारणतः सकाळी दहा-अकरानंतर, हा थर मोडतो व हवा मोकळी होते.

अशा रीतीने थंडीच्या दिवसांत घरात विस्तव वाढतो आणि हवेची वाट मात्र कमी होते. प्रश्नाचे मूळ या दोहोंच्या विषमतेत आहे.

विस्तव तेथे वाट

जुन्या वाड्यांची बांधणी पाहिली असता असे दिसून येते, की जेथे विस्तव असे तेथे त्याच्या धुरास वाट ठेवलेली असे. स्वयंपाकघराच्या छपरास धुराडे असे. न्हाणीघरात पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब असे; त्याच्या मध्यातून वर जाणारी नळी धूर वर सोडी व न्हाणीघराच्या कौलांच्या फटींतून तो निघून जाई. माजघर अंधारे असले तरी त्याची हवा चौकातून खेळती राही. ही तत्त्वे या भूमीस परकी नाहीत. धारचा राजा भोज याच्या नावे असलेला 'समरांगणसूत्रधार' हा अकराव्या शतकातील ग्रंथ वास्तुशास्त्रावरील प्रमुख संस्कृत ग्रंथांपैकी एक मानला जातो. धार जिल्ह्यातील मांडू येथे चंपा बावडीजवळच्या हमामाच्या छतास ताऱ्यांच्या आकाराची छिद्रे आजही पाहावयास मिळतात. प्रकाश आत यावा व कोंडलेली वाफ वर निघून जावी, ही दोन्ही कामे अशा छिद्रांनी साधतात.

आधुनिक पुनर्बांधणीत या वाटा एकेक करून बुजल्या. कौलांच्या जागी सिमेंट काँक्रीटचा स्लॅब आला व धुराडे नाहीसे झाले. पाऊस व माकडे यांच्या त्रासामुळे चौकावर पत्रे चढले. लाकडी झडपांच्या खिडक्यांऐवजी ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसल्या. या सुधारणा सोयीच्या आहेत व त्यांत गैर असे काही नाही. परंतु वाट बुजविताना विस्तव तेथून हलला किंवा नाही, हे पाहिले गेले नाही. गॅसची शेगडी आली तरी आंघोळीच्या पाण्यासाठी व गुरांच्या आंबोणासाठी चूल राहिली. बंब गेला तरी त्याच्या जागी गॅस गिझर आला. सबब, ठेकेदाराने घराचे काम हाती घेताना खिडक्यांची संख्या ठरविण्यापूर्वी घरातील विस्तवांची मोजदाद करावी, हे या विषयातील पहिले सूत्र होय.

विस्तवांची मोजदाद

गृहस्वामी बहुधा 'आमच्याकडे गॅस आहे' एवढेच सांगतात. म्हणून घरातील स्त्रियांसमवेत प्रत्यक्ष घर फिरून पुढील बाबींची नोंद करावी.

१) स्वयंपाकासाठी वापरली जाणारी प्रत्येक साधने : गॅस, चूल, कोळशाची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह.
२) पाणी तापविण्याचे साधन व त्याची जागा.
३) थंडीत ऊब घेण्यासाठी शेगडी किंवा घमेले कोणत्या खोलीत ठेवले जाते, बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी व धुरी दिली जाते काय.
४) देवघरात धूप, ऊद, समई व उदबत्ती यांचा वापर.
५) डासांसाठी जाळली जाणारी कॉइल व ती ठेवण्याची जागा.
६) दाल-बाफल्यांसारख्या पदार्थांसाठी गोवऱ्यांचा आर कोठे केला जातो.

या नोंदीतील प्रत्येक विस्तवासमोर तीनांपैकी एक उपाय लिहावा : विस्तव बाहेर नेणे, विस्तव बदलणे, किंवा त्यास वाट करून देणे. गोवऱ्यांचा आर अंगणातच करावा. बंबाऐवजी सौर जलतापक अथवा विजेचा गिझर घ्यावा. जी चूल सुटणार नाही तिला धुराडे बांधावे. माळव्यात हिवाळ्यातील आकाश बहुतांश दिवस निरभ्र असते, त्यामुळे सौर जलतापक येथे चांगले काम देतो.

स्वयंपाकघर

धूररहित चुलीचे प्रयत्न आपल्याकडे जुने आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीतील 'मगन चूल' सर्वश्रुत आहे. १९५० च्या दशकात हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतून एस. पी. राजू यांनी धुराड्याच्या चुलीचा प्रसार केला. १९८० च्या दशकात केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तो २००२ पर्यंत चालला. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे कोट्यवधी घरांत गॅस पोहोचला. या प्रयत्नांतून एक धडा मिळतो. चूल चांगली असून भागत नाही. धुराड्याची नळी काजळीने तुंबली व ती साफ करण्याची सोय नसली, की धूर पुन्हा घरात येतो व गृहिणी त्या चुलीस कंटाळून जुन्या चुलीकडे वळते. दुरुस्तीची सोय ही बांधणीच्या वेळीच करावयाची असते.

याकरिता ठेकेदाराने पुढील दक्षता घ्यावी.

१) धुराड्याची नळी शक्यतो सरळ उभी असावी. आडवी वळणे घातल्यास धुराची ओढ कमी होते व काजळी साठते.
२) नळीचे तोंड छताच्या सर्वोच्च भागापेक्षा किमान एक मीटर वर काढावे व त्यावर टोपी बसवावी, म्हणजे वाऱ्याने धूर उलटणार नाही व पावसाचे पाणी आत येणार नाही.
३) नळीच्या तळाशी राख व काजळी काढण्यासाठी झाकणाचा डोळा ठेवावा.
४) नळी भाजक्या मातीची अथवा जस्तलेपित पत्र्याची असावी. ॲस्बेस्टॉसचा वापर टाळावा. लाकडी तुळई वा वासे यांच्यापासून नळी दूर ठेवावी.
५) धूर बाहेर जाण्यासाठी बाहेरील हवा आत यावी लागते. म्हणून चुलीच्या समोरील भिंतीत खालच्या बाजूस जाळीचा झरोका ठेवावा.

गॅसचा वापर असलेल्या स्वयंपाकघरात धूर दिसत नाही, म्हणून वाटेची गरज संपत नाही. फोडणीचा व तळणाचा धूर, तसेच जळणातून निर्माण होणारे नायट्रोजनचे ऑक्साइड तेथेही असतातच. शिवाय स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. यास्तव धुरासाठी छताजवळ व गॅससाठी जमिनीलगत अशा दोन्ही वाटा आवश्यक आहेत. विजेची चिमणी बसवावयाची असल्यास तिची नळी घराबाहेर मोकळ्या हवेत सोडावी. पत्रे घातलेल्या चौकात, शेजाऱ्याच्या खिडकीसमोर अथवा पोटमाळ्यावर नळी सोडणे म्हणजे धूर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणे होय. नळी नसलेली चिमणी हवा गाळून पुन्हा त्याच खोलीत सोडते. तिने तेलकटपणा काहीसा कमी होतो, जळणातून आलेले वायू मात्र खोलीतच राहतात.

न्हाणीघर

हिवाळ्यात सर्वाधिक दक्षता न्हाणीघराविषयी घेणे अगत्याचे आहे. साधारण आकाराचा गॅस गिझर तासाला जवळजवळ एक किलो गॅस जाळतो व त्यास सुमारे १२ ते १३ घनमीटर हवा लागते. १.२ मीटर रुंद, १.८ मीटर लांब व २.४ मीटर उंच अशा न्हाणीघरात एकंदर हवा ५ घनमीटरांहून थोडी अधिक भरते. म्हणजे दार-खिडकी बंद असता त्यातील संपूर्ण हवा पंचवीस मिनिटांना पुरेल एवढीच असते. परंतु धोका त्यापूर्वीच उद्भवतो, कारण प्राणवायूचे प्रमाण थोडे घटताच ज्योत अपुरी जळू लागते व कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. एकामागून एक अशा दोन-तीन आंघोळी झाल्या व थंडीमुळे झरोका लावलेला असला, तर शेवटी आंघोळीस जाणाऱ्याच्या वाट्यास ही हवा येते. ती व्यक्ती बहुधा घरातील गृहिणी असते.

म्हणून गॅस गिझर न्हाणीघराच्या आत बसवू नये, हा नियम निरपवाद मानावा. तो बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर बसवून केवळ गरम पाण्याची नळी आत आणावी. गृहस्वामीने आग्रह धरला तरी ठेकेदाराने हे काम नाकारावे व कारण समजावून सांगावे. विजेचा गिझर असला तरी वाफ व ओल यांच्या निचऱ्यासाठी न्हाणीघरास बाहेरच्या हवेत उघडणारी खिडकी हवीच. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार अशी खिडकी किमान ०.३७ चौरस मीटर क्षेत्राची असावी लागते.

झोपण्याच्या खोल्या व शेगडी

एक किलो कोळसा जळण्यास सुमारे ९ घनमीटर हवेतील प्राणवायू लागतो. ३ मीटर रुंद, ४ मीटर लांब व २.७५ मीटर उंच खोलीत ३३ घनमीटर हवा असते. हे गणित पाहता बंद खोलीत रात्रभर शेगडी ठेवणे किती घातक आहे, हे सहज ध्यानात येईल. निखाऱ्यांतून धूर निघत नाही, म्हणून ते निर्धोक आहेत असा समज रूढ आहे. वास्तविक राखेखाली धुमसणारे निखारेच सर्वाधिक कार्बन मोनॉक्साइड निर्माण करतात. बाळंतिणीच्या खोलीत तर लहान जीवाच्या काळजीने दारे-खिडक्या अधिकच घट्ट लावल्या जातात व अपाय त्याच जीवास प्रथम होतो.

शेगडी नको, एवढे सांगून थंडी कमी होत नाही. तिची गरज कमी करणे हे बांधकामाचे काम आहे. धार व देवास येथे २२ डिसेंबरच्या सुमारास भरदुपारी सूर्य क्षितिजापासून केवळ ४४ अंशांच्या आसपास वर असतो, त्यामुळे दक्षिणेकडील खिडकीतून ऊन खोलीत दूरवर येते. उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने लहानशा छज्जाने तेच ऊन अडविता येते. बाळंतिणीची, वृद्धांची व मुलांची खोली दक्षिणेच्या उन्हाकडे असावी, उत्तरेकडील खिडक्यांच्या झडपा घट्ट बसणाऱ्या असाव्यात आणि पत्र्याच्या छपराखाली लाकडी तक्तपोशी अथवा अन्य उष्णतारोधक थर द्यावा. एवढ्याने रात्रीचा गारठा लक्षणीय प्रमाणात कमी होतो.

खिडकी उघडल्यास खोली गार पडते, ही भीतीही तपासून पाहण्याजोगी आहे. वरील आकाराच्या खोलीतील हवेचे वजन सुमारे ४० किलो, तर तिच्या ९ इंची विटांच्या भिंतींचे वजन १५ टनांच्या आसपास भरते. खोलीची ऊब मुख्यतः भिंतींत साठलेली असते. दहा मिनिटे खिडक्या उघडून हवा बदलली, तर केवळ ४० किलो हवा थंड होते. भिंती ती पुन्हा लवकरच ऊबदार करतात. सकाळी उन्हे वर आल्यावर व दुपारी चारपूर्वी अशा रीतीने हवा बदलणे इष्ट होय. भल्या पहाटे बाहेरचाच धूर आत येतो, म्हणून ती वेळ टाळावी.

खिडक्या व झरोके : प्रमाण

राष्ट्रीय बांधकाम संहिता प्रथम १९७० मध्ये प्रसिद्ध झाली व तिच्या सुधारित आवृत्त्या १९८३, २००५ व २०१६ मध्ये निघाल्या. तीनुसार दरवाजे वगळून खिडक्या व झरोके यांचे एकूण क्षेत्र उष्ण-कोरड्या हवामानात खोलीच्या क्षेत्राच्या एक-दशांश, मध्यम हवामानात एक-अष्टमांश व उष्ण-दमट हवामानात एक-षष्ठांश असावे. स्वयंपाकघरासाठी हे प्रमाण २५ टक्क्यांनी वाढवावे. माळव्यात एक-अष्टमांश प्रमाण धरणे श्रेयस्कर. १२ चौरस मीटरच्या खोलीस १.५ चौरस मीटर, तर ५ चौरस मीटरच्या स्वयंपाकघरास सुमारे ०.७८ चौरस मीटर क्षेत्र आवश्यक ठरते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. खिडकीचा काही भाग पक्का बसविलेला असल्यास केवळ उघडणारा भाग हिशेबात धरावयाचा असतो. दोन पाखांच्या सरकत्या खिडकीचा एका वेळी निम्माच भाग उघडतो. जुनी झडपांची खिडकी काढून त्याच मापाची सरकती खिडकी बसविल्यास हवेची वाट निम्म्यावर येते. अशा वेळी वर स्वतंत्र झरोका ठेवून ही तूट भरून काढावी.

उष्ण हवा हलकी होऊन वर जाते व तिची जागा थंड हवा खालून घेते. हिवाळ्यात आत-बाहेरच्या तापमानातील फरक अधिक असल्याने ही हालचाल जोमाने होते. म्हणून थंडीत मोठी खिडकी उघडी ठेवण्याची आवश्यकता नसते. छताजवळ एक व समोरच्या भिंतीत खालच्या बाजूस एक असे लहान झरोके रात्रभर उघडे राहिले, तरी झोपणाऱ्यांस पुरेशी हवा मिळते. खालचा झरोका अंथरुणाच्या अंगावर झोत येणार नाही अशा जागी असावा, नाहीतर पहिल्याच थंडीत तो बुजविला जाईल.

प्रत्येक खिडकीस बारीक जाळीचे पाखे बसविणे हीदेखील हवा शुद्ध राखण्याचीच उपाययोजना आहे. डासांच्या भीतीने खिडकी बंद होते व बंद खोलीत कॉइल जळते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, एक कॉइल जळून जितके सूक्ष्म कण बाहेर पडतात ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे असल्याचे आढळले. जाळी बसविल्याने कॉइलची गरज राहत नाही व खिडकीही उघडी राहते.

ओल, रंग व धूळ

माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते व पुढे वाळताना आकसते. त्यामुळे भिंतींना तडे जातात व जोत्यातून ओल वर चढते. पावसाळ्यात मुरलेली ही ओल हिवाळ्याच्या बंद खोलीत बुरशीस पोषक ठरते व दमेकऱ्यांस त्रास देते. जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर घालणे, तडे वेळीच भरणे व छताच्या पन्हळी दुरुस्त करणे ही कामे पावसाळ्यापूर्वी करावीत. ओल्या भिंतीवर तैलरंग चढविल्याने डाग झाकला जातो, परंतु ओल आत कोंडून राहते. अशा भिंतीस चुन्याची सफेदी अधिक उपयुक्त.

नव्या रंगातून व प्लायवूडच्या गोंदातून काही काळ अपायकारक वाफा निघत राहतात. दिवाळीपूर्वी घाईने रंगकाम उरकून लगेच बंद खोलीत निजणे योग्य नव्हे. रंगकाम झाल्यानंतर काही दिवस ती खोली उघडी ठेवावी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आहे. डब्यावरील तसा निर्देश पाहूनच रंग घ्यावा. जुन्या दारांचा रंग मात्र शिशाचा असण्याचा संभव असल्याने तो कोरडा घासू नये, ओला करून काढावा. फरशी व दगड कापतानाही पाण्याचा वापर करावा. ती धूळ गवंड्याच्या फुप्फुसात प्रथम जाते व घरमालकाच्या नंतर, हेही ठेकेदाराने विसरू नये.

अंदाजपत्रक व कामाची तपासणी

बहुतेक ठेके चौरस फुटाच्या दराने दिले जातात. झरोका काढण्यास गवंड्याचा वेळ लागतो, परंतु त्याने चौरस फूट वाढत नाहीत. म्हणून तो वगळला जातो. यावर उपाय म्हणजे झरोके, जाळ्या व धुराडे यांची अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब दाखविणे होय. एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम अल्प असते. मध्य प्रदेशात भूमि विकास नियम, २०१२ अन्वये मंजूर होणाऱ्या नकाशात झरोके दाखविलेले असतात. ते नकाशापुरते न राहता भिंतीतही उतरले आहेत काय, हे गृहस्वामींनी पाहावे.

काम पूर्ण झाल्यावर घर ताब्यात देण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. सर्व दारे-खिडक्या लावाव्यात, केवळ झरोके उघडे ठेवावेत, स्वयंपाकघरातील पंखा अथवा चिमणी सुरू करावी आणि पेटती उदबत्ती घेऊन प्रत्येक झरोक्याजवळ व धुराड्याच्या तोंडाशी धरावी. खालच्या झरोक्याशी धूर आत वळला व वरच्या झरोक्याशी बाहेर गेला, तर रचना ठीक आहे. पंखा चालू असता धुराड्यातून धूर खाली येत असेल, तर पंखा हवा बाहेर फेकत असून तिच्या जागी येणारी हवा धुराड्यातूनच खेचली जात आहे, असे समजावे. अशा घरात चूल व पंखा एकाच वेळी चालणे धोक्याचे असते. आत येणाऱ्या हवेचा झरोका मोठा करून हा दोष दूर करावा. ही परीक्षा गृहिणीच्या समक्ष करावी व कोणता झरोका कशासाठी आहे, तो का बुजवू नये, हे तिला समजावून द्यावे. कारण समजले नाही, तर झरोका पहिल्या थंडीतच पुठ्ठ्याने बंद होतो.

समारोप

येथे सांगितलेले उपाय धार व देवास यांच्यापुरते मर्यादित नाहीत. खानदेश, विदर्भ व मराठवाडा येथील ज्या घरांत थंडीत शेगडी पेटते व चूल अद्याप विझलेली नाही, त्या सर्वांस ते लागू पडतात. यांतील बहुतेक उपायांस महाग यंत्रसामग्री लागत नाही. विटांच्या दोन थरांत सोडलेली जागा, एक जाळी, छतावर एक मीटर वाढविलेली नळी आणि भिंतीच्या आतल्या बाजूऐवजी बाहेरच्या बाजूस ठोकलेला गिझर, एवढ्यावर एका कुटुंबाचे प्राण अवलंबून असू शकतात. घर बांधणारा ते घर काही महिन्यांत सोडून दुसऱ्या कामावर जातो. त्यात राहणारे मात्र पुढील चाळीस-पन्नास हिवाळे तीच हवा घेतात. ठेकेदारांनी ही जाणीव ठेवून प्रत्येक विस्तवास वाट करून दिली, तर माळव्याच्या कोरड्या हवेचा लाभ घराच्या आतही मिळू शकेल.